चार दारं बांधणारी

हातात येईल तो कागद ती आधी उलटा करायची. लग्नपत्रिका असो, विजेचं बिल असो, नाहीतर समोशाखालचा तेलकट तुकडा असो. पाठ कोरी दिसली की तिच्यावर एक चौकोन काढायचा आणि पेन्सिलीचं टोक त्यावर आपटत विचारायचं, "समोर कोण बसलंय, ते आधी सांगा."

शहापुरात तिला ज्यांनी पाहिलं आहे त्यांना हे वाक्य आठवत असेल. एसटी स्टँडजवळच्या हॉटेलवाल्यालाही तिनं सोडलं नव्हतं. "भावफलक एवढा उंच कुणासाठी लावलाय? समोर कोण बसलंय? डोंगरातली म्हातारी. तिनं मान किती वर करायची?"

"तिला वाचता कुठं येतंय गो?" हॉटेलवाला म्हणाला.

"मग भजी काढा त्याच्यावर. भजी तर ओळखील."

भजीचं चित्र त्यानं काही काढलं नाही, पण फलक हातभर खाली आला. तो बरीच वर्षं तिथेच होता.

तिचं नाव मी लिहीत नाही. ज्यांनी त्या वेळी तिच्याबद्दल वाटेल ते बोलून घेतलं त्यांना नावाची गरज नाही. बाकीच्यांसाठी ती सापगावच्या पलीकडच्या, मुरबाडच्या रस्त्यावरच्या एका भातशेती करणाऱ्या घरातली मुलगी, एवढं पुरे. नव्वदच्या दशकात ती कल्याणला जाऊन कॉम्प्युटर शिकली. मुंबईत नोकरी मिळत असताना परत आली आणि शहापुरात खताच्या दुकानाच्या वर क्लास काढला. जिना चढताना युरियाचा वास यायचा. वर पोरी ओळीनं बसून की-बोर्ड बडवत असायच्या.

आणि मी? हायस्कुलातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेला माणूस. उन्हाळ्यात डोंगरातल्या पाड्यांना टँकरनं पाणी देणाऱ्या एका संस्थेचा मी सचिव होतो. धरणं आमच्या तालुक्यात आणि हंडे घेऊन वणवण करणाऱ्या बायकाही आमच्याच तालुक्यात, हे इथल्या वाचकाला मी काय सांगणार. शहापूर आणि मुरबाडच्या पाड्यांवर आमचे टँकर जायचे आणि गावच्या विहिरीत पाणी ओतून यायचे. पैसा मुंबईच्या देणगीदारांचा, नाव अध्यक्षांचं आणि धावपळ माझी. निवृत्त माणसाला सकाळी कुठेतरी जाऊन बसायला एक खुर्ची लागते. मला ती या संस्थेनं दिली होती. पुढे जे घडलं ते त्या खुर्चीसाठी घडलं. उगाच दुसरी कारणं जोडत नाही.

नवं शतक लागलं आणि देणगीदारांनी कॉम्प्युटर पाठवले. अट एकच. कुठल्या पाड्यावर पाणी पोचलं ते आम्हाला मुंबईत बसून वेबसाइटवर दिसलं पाहिजे. अध्यक्ष माझ्याकडे बघायला लागले, मी खताच्या दुकानाचा जिना चढलो.

तिनं सगळं ऐकून घेतलं आणि माझ्याच हातातलं पत्र उलटं केलं. "काका, समोर कोण बसलंय?"

"देणगीदार."

"आणि?"

"आणि आम्ही. ऑफिस."

"टँकर कोण चालवतो? तुमी?"

"ड्रायव्हर."

"आणि पाणी कोण भरतं?"

तिनं पत्राच्या पाठीवर चार चौकोन काढले. "चार माणसं, चार दारं. ज्याला जे काम, त्याला तेवढंच दार. सगळ्यांना एकाच दारातून घातलं तर दांडगा आत शिरतो आणि बाई बाहेर राहते."

काम हातात घेतल्यावर पहिले आठ दिवस ती कॉम्प्युटरला शिवलीच नाही. टँकरच्या केबिनमध्ये बसून फिरली. तरणी मुलगी ड्रायव्हरशेजारी बसून डोंगरात जाते, म्हणून गावात कुजबुज झाली. मीही तिला बोललो. "बाय, लोकं काय म्हणतील?"

"लोकांसाठी दार नाय काढलेलं काका," ती म्हणाली आणि हसली. तिचं हसणं फार मोठं होतं. ऑफिसात ते बऱ्याच जणांना आवडत नसे.

ती गरीब गाय नव्हती, हेही सांगून टाकतो. दुसऱ्याच्या डब्यातली भाजी न विचारता खायची. चूक दाखवताना वय बघायची नाही. आमच्या कारकुनाला तिनं एकदा सगळ्यांसमोर म्हटलं, "तुमी माउस धरलाय का उंदीर मारलाय?" तो बिचारा महिनाभर तिच्याशी बोलला नाही.

ड्रायव्हरचं दार तिनं असं केलं की त्यात अक्षरंच नव्हती. ऑफिसात परत आल्यावर त्यानं पाड्याच्या खुणेसमोरच्या, कलंडलेल्या टँकरच्या चित्रावर माउसनं टिचकी मारायची, की टँकर रिकामा केल्याची नोंद झाली. ड्रायव्हर खूश होता. "ताई, या चित्रातल्या टँकरचे टायर आपल्या टँकरपेक्षा बरे हायत," म्हणायचा.

अध्यक्ष मात्र नाराज झाले. चार दारांत त्यांचं दार कुठे?

"साहेब, तुमचं यात काम काय?" तिनं खरोखर कळत नव्हतं म्हणून विचारलं.

"काम काय म्हणजे? मी अध्यक्ष आहे. मला बघायचंय."

"मग देणगीदारांच्या दारातून बघा. तिथून सगळं दिसतं."

तो दिवस मी कसाबसा निभावून नेला. शेवटी तिनं पाचवं दार केलं. त्यात अध्यक्षांचा हार घातलेला फोटो, खाली सुविचार, आणि आत शिरलं की पुन्हा तेच देणगीदारांचं पान. अध्यक्ष ते येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवत. त्या दाराच्या मागे खोली नव्हती, हे त्यांना कधी कळलं नाही.

तिचा जीव होता तो पाड्याच्या दारात. ड्रायव्हरनं "ओतलं" म्हटलं की पाड्याचं नाव पिवळं व्हायचं. हिरवं होण्यासाठी पाड्यावरच्या बाईनं "भरलं" म्हणायला हवं. ऑफिसला ते हिरवं करता येणार नाही, खुद्द तिलाही नाही. आणि लागोपाठ दोन फेऱ्या पिवळ्या राहिल्या, तर राखीव टँकर त्या पाड्यावर पाठवायचा, असं तिनं आमच्याकडून कबूल करून घेतलं.

"बाईच का?" एका सरपंचानं विचारलं. "आमी काय मेलोय?"

"तुमी हंडा उचलता का?"

सरपंच उठून गेले. दार बाईचंच राहिलं.

डोंगरातल्या बायका लाकूडफाटा, करवंदं घेऊन रोज खाली उतरायच्याच. खालच्या मोठ्या गावांत, एसटीडी बूथमध्ये, आम्ही एकेक कॉम्प्युटर ठेवला होता. ती तिथे बसून दर पाड्याच्या एकेका बाईला शिकवायची. पासवर्ड म्हणजे काय, हे तिनं त्यांना सांगितलं ते असं: "असा एक शब्द घ्या, जो तुमच्या तोंडातून कधी कुणापुढं निघणार नाय."

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, तोंडाला पदर लावला आणि खुदुखुदू हसल्या. प्रत्येकीनं शेजारच्या पोरीकडून पाटीवर अक्षरं काढून घेतली, ती पाठ केली आणि एका बोटानं तो शब्द टाकला. शिकवणाऱ्या तिलाच वळून उभं राहायला लावलं. बूथवाल्याला बाहेर काढलं.

तो शब्द म्हणजे नवऱ्याचं नाव होतं. सगळ्याजणींचा. आमच्याकडची बाई जे नाव जन्मात तोंडानं घेत नाही, ते तिनं बोटानं घेतलं.

हे ड्रायव्हरनं पाड्यावर ऐकून ऑफिसात येऊन सांगितलं तेव्हा ती इतकी हसली की डोळे पुसावे लागले. मग एकदम थांबली. "काका, हे चुकलं माझं. ती नाव घेत नाय, पण सगळा गाव घेतो ना. कुणीपण उघडील हे दार. बदलायला पायजे."

"असू दे गो," मी म्हणालो. "कौतुकानं शिकल्यात त्या. आता बदल म्हटलंस तर परत यायच्या नाहीत. आणि हंड्याची नोंद चोरायला कोण येतंय?"

ती माझं ऐकत असे. तेवढं एक ऐकलं नसतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या उन्हाळ्यातली गोष्ट. अध्यक्षांच्या घरी लग्न निघालं. मांडव मोठा, पाहुणे कल्याण-ठाण्यापासूनचे, आणि पाणी कमी. उंबरमाळीच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिकडे जाणारा टँकर त्यांनी मांडवाकडे वळवला. ड्रायव्हरनं मांडवातल्या टाकीत पाणी ओतलं, ऑफिसात येऊन कलंडलेल्या टँकरवर टिचकी मारली आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. पाड्याचं नाव पिवळं झालं आणि पिवळंच राहिलं. दुसऱ्या फेरीलाही तेच.

आणि लग्नाच्या दिवशी देणगीदार मुंबईहून यायचे होते. ऑफिसातही डोकावणार होते.

त्या सकाळी अध्यक्ष आले. पडद्याकडे पाहून म्हणाले, "हे पिवळं का दिसतंय?"

मी कारण सांगितलं. त्यांना ते माहीत होतंच.

"मग हिरवं करा."

"ऑफिसातून होत नाही. त्या बाईलाच करता येतं."

"भाऊ, तिचा नवरा आपल्याकडे टँकरवर क्लीनर होता ना?" एवढंच म्हणाले आणि मांडवाकडे गेले.

त्या बाईचा नवरा आमच्याकडे तीन उन्हाळे होता. पुढे तो तापानं गेला. त्याचा पगार मी माझ्या हातानं दिला होता. त्याचं नाव मला माहीत होतं.

ऑफिसात मी एकटाच होतो. पाड्याचं दार उघडलं. त्या मेलेल्या माणसाचं नाव टाकलं. "भरलं"च्या हंड्याच्या चित्रावर टिचकी मारली. दोन्ही फेऱ्या हिरव्या झाल्या. मला वाटलं, लग्न उरकलं की टँकर जाईलच, एका दिवसाचा तर प्रश्न. देणगीदार आले, हिरवी पानं पाहिली, पेढे खाल्ले, "वा" म्हणाले.

टँकर लगेच गेला नाही. मांडव उतरला, पण पाहुणे राहिले होते. आणि सगळं हिरवं असल्यामुळे राखीव टँकर जायचं कारणच उरलं नव्हतं. पाड्यावरच्या बायकांनी ओहोळाच्या पात्रात खड्डे खणून झिऱ्याचं गढूळ पाणी भरलं. मुलांना जुलाब लागले. शहापूरच्या दवाखान्यात एकेका खाटेवर दोन दोन मुलं सलाईन लावून झोपवलेली मी पाहिली. सगळी वाचली. पण त्या खाटा मी विसरलेलो नाही.

बायका ऑफिसवर आल्या. सगळ्यांत पुढे ती क्लीनरची बायको. "पाणी नाय आलं, नि तुमच्या मशिनीत आलं कसं?"

अध्यक्ष हात जोडून म्हणाले, "कॉम्प्युटरची चूक झाली."

तुम्हीही हे वाक्य त्या काळात शंभर ठिकाणी ऐकलं असेल. बँकेत, वीज मंडळात, रेशनच्या दुकानात. कुणाचंच नाव न घेता सुटायची ती एक सोय होती. पण आमच्या तालुक्यात कॉम्प्युटर म्हणजे एकच माणूस होतं. संध्याकाळपर्यंत "कॉम्प्युटरची चूक" हिची चूक होऊन गेली होती.

ती दुसऱ्या दिवशी आली. कॉम्प्युटरवर बराच वेळ काहीतरी शोधत बसली. मग माझ्या टेबलाशी आली. त्या दिवशी तिनं कागद उलटा केला नाही.

"काका, ती नोंद बूथवरून नाय झालेली. इथून झालीय. सकाळी. समोर कोण बसलं होतं?"

मी फाइलचे दोरीचे बंद सोडत होतो. ते सोडतच राहिलो. "मला काय कळतंय बाय त्यातलं," म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. एखाद्या ओळखीच्या घराला बाहेरून कुलूप दिसावं, तसं पाहिलं.

सभा झाली. अध्यक्ष म्हणाले, सगळ्या किल्ल्या हिच्या हातात, दारं हिनं बांधली, मग आत शिरलं कोण?

"नोंद ऑफिसातल्या कॉम्प्युटरवरून झालीय," ती म्हणाली.

"तूच असतेस की ऑफिसात येऊन-जाऊन. देणगीदारांपुढे तुझंच काम झळकायला हवं होतं ना? समोर कोण बसलंय, म्हणत असतेस. मग आता तूच सांग, कोण बसलं होतं?"

लोक हसले. तिचंच वाक्य तिच्या तोंडावर मारलेलं सगळ्यांना आवडलं. कारकून तर मांडीवर थाप मारून हसला.

ती उभी राहिली. "मी नाय सांगणार. जो बसला होता तो इथंच हाय. त्यानं सांगावं."

मग ती वाट बघत उभी राहिली. मी समोरच्या पाण्याच्या ग्लासवरची बशी नीट केली. अध्यक्ष म्हणाले, "पुढचा विषय." ती गेली.

आता या गोष्टीचं पुढे काय झालं, तेही नोंदवून ठेवतो. अध्यक्षांनी सगळ्यांना एकच दार करून दिलं, त्यांच्या फोटोचं. बायकांचं दार बंद झालं. त्यानंतर आमच्या वेबसाइटवर पिवळा रंग कधी दिसला नाही. देणगीदारांनी आमच्या कारभाराचं कौतुक केलं, आम्हाला शाल आणि नारळ दिला. माझ्या खांद्यावरची शाल अध्यक्षांनी स्वतः नीट केली. पिण्याच्या पाण्यात खोटं करणारी बाई, असं खताच्या दुकानाखाली उभं राहून लोक बोलू लागले. आयांनी पोरींना क्लासातून काढलं. पुढच्या दिवाळीपर्यंत वर शिवणाच्या मशिनी आल्या. तिचं ठरत आलेलं लग्नही मोडलं, असं मी ऐकलं. ऐकलं म्हणतो, कारण विचारायला गेलो नाही. ती शहापूर सोडून गेली.

सात-आठ वर्षं गेली. अध्यक्ष वारले, संस्था गुंडाळली गेली, माझी खुर्चीही गेली. गेल्या वर्षी मी उंबरमाळीच्या त्या पाड्यावर गेलो. चढायला फार वेळ लागला. क्लीनरची बायको नाचणी पाखडत होती. तिला म्हणालो, "एक सांगायचं राहिलंय." आणि सांगितलं.

तिनं सूप थांबवलं नाही. "ते आमाला तवाच ठाव होतं, भाऊ."

"कसं?"

"माझ्या धन्याचं नाव तिला कुठनं ठाव? ती पाठ करून उभी होती. खाली शहापुरात तुमी एकलेच त्याला नावानं हाक मारायचे."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"आमाला इचारलं कुणी? सभेला बलावलं?" ती म्हणाली. "आमी आलो होतो दुसऱ्या दिशी. तुमच्या शिपायानं सांगितलं, तुमचं दार बंद झालं."

ते मला माहीत नव्हतं.

मग मी सापगावच्या पलीकडे, कॉम्प्युटरवाल्या मुलीच्या घरी गेलो. तिचा भाऊ भात झोडत होता. त्यालाही सांगितलं. त्यानं पेंढी खाली टाकली आणि अंगावरचा कोंडा झटकला. इतकी वर्षं त्यालाही वाटत होतं की बहिणीनं काहीतरी केलंच असेल. ते त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"काका," तो म्हणाला, "हे माझ्या ओटीवर सांगून काय व्हायचंय? बोलली ती शहापुरातली लोकं ना? तिथं सांगा."

आणि मग त्यानं सांगितलं, की ती अजून येते. वर्षातून एकदा, झोडणीच्या दिवसांत. पण शहापुरावरून येत नाही. कल्याणला एसटी धरते, मुरबाडवरून फिरून येते आणि सापगावच्या अलीकडे, पूल लागायच्या आत उतरते. "दुप्पट टाइम लागतो. आई रागावते. पण नाय ऐकत."

मी दोन दिवस त्या थांब्यावर जाऊन बसलो. तिसऱ्या दिवशी मुरबाडची एसटी थांबली आणि ती उतरली. हातात एक पिशवी. तिनं मला लगेच ओळखलं.

मी उठलो. "तुझ्या भावाला सगळं सांगितलं मी," एवढंच म्हणालो.

"बोलला तो फोनवर."

"बाय, मी..."

"काका, घरी जायचंय ना तुमाला?" तिनं मला मध्येच थांबवलं. माझा दंड धरला. गाडी सुटत होती, तिनं पत्र्यावर थाप मारून ती थांबवली. मला पायरीवर चढवलं. मग कंडक्टरला मोठ्यानं, सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाली, "दादा, यांना शहापूरला उतरवा. शहापूरलाच. तिथं सांगायचं राहिलंय यांचं."

कंडक्टरनं दार ओढून घेतलं. मी खिडकीशी बसलो. गाडी पुलावर चढली तेव्हा मागे वळून पाहिलं. ती पिशवी खांद्याला अडकवून कापलेल्या शेतांतून, बांधाबांधानं, पाठमोरी चालली होती.